स्वतःशी खरे बोलण्याचे मानसशास्त्र

नोकरी गेलेला एखादा मध्यमवयीन गृहस्थ रोज सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडतो, दिवसभर वाचनालयात नाहीतर लोकलच्या फेऱ्यांत वेळ काढतो आणि संध्याकाळी ‘आज फार काम होते’ असे म्हणत घरी येतो. अशी गोष्ट आपण कथा-कादंबऱ्यांत वाचलेली असते, कधी शेजारीपाजारी घडल्याचेही ऐकलेले असते. ती ऐकताना आपले लक्ष त्याने घरच्यांपासून काय लपवले याकडे जाते. मानसशास्त्राच्या दृष्टीने त्याहून मोलाचा प्रश्न असा, की तो स्वतःपासून काय लपवतो आहे? नोकरी गेली हे त्याला ठाऊक आहे. पण आपल्याला नेमके काय वाटते आहे, कशाची भीती आहे, झाल्या गोष्टीत आपला वाटा किती आणि परिस्थितीचा किती, याकडे त्याने एकदाही सरळ पाहिलेले नसते. डब्याचे सोंग घरच्यांसाठी असते तितकेच स्वतःसाठीही असते.

संकटात सापडलेल्या माणसाला साधारण दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक, ‘फार विचार करू नकोस, सकारात्मक राहा.’ दुसरा, ‘अंतर्मुख हो, स्वतःच्या आत डोकावून पाहा.’ पहिल्या सल्ल्यात परिस्थितीकडे पाठ फिरवणे असते. दुसरा ऐकायला चांगला असतो, पण आत डोकावायचे म्हणजे नक्की काय करायचे हे सहसा कोणी सांगत नाही. गेल्या सुमारे चाळीस वर्षांतील संशोधन पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. आत डोकावण्याच्या काही रीती माणसाला सावरतात आणि काही रीती त्याला आणखी खोलात नेतात. प्रामाणिक आत्मभान आणि कुढणे या दोन्हींत माणूस स्वतःबद्दलच विचार करत असतो. मग फरक कुठे पडतो?

भूकंपाने दिलेली नोंद

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी सायंकाळी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसराला मोठा भूकंप झाला. लोमा प्रिएटा भूकंप या नावाने तो ओळखला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी योगायोगाने त्याच्या चौदा दिवस आधी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. उदास वाटते तेव्हा तुम्ही काय करता, असा तिचा गाभा होता. कोणी मित्रांत मिसळतो, कोणी कामात मन घालतो, तर कोणी ‘मला असे का होते, माझ्यात काय बिघडले आहे’ हेच पुन्हा पुन्हा घोळवत बसतो.

भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी १३७ विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली. घोळवत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात उदासीची लक्षणे सात आठवड्यांनंतरही जास्त दिसली. ते आधी किती उदास होते आणि भूकंपाची झळ त्यांना किती बसली, हे हिशेबात धरूनही हा फरक उरला. नोलन-होक्सेमा आणि जॅने मॉरो यांनी हा अभ्यास १९९१मध्ये प्रसिद्ध केला.

या सवयीला मानसशास्त्रात ‘रुमिनेशन’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ रवंथ. गाईच्या रवंथाने चारा पचतो तरी; मनाच्या रवंथात तोच घास फिरत राहतो. याचे एक कारण प्रश्नाच्या रचनेतच आहे. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या प्रश्नाला तपासून पाहता येईल असे उत्तर नसते. त्यामुळे कोणतेही उत्तर चालते, आणि खचलेल्या मनाला सर्वांत कडू उत्तर सर्वांत खरे वाटते. माणसाला वाटते की आपण स्वतःशी फार प्रामाणिक आहोत, कारण आपण स्वतःला दुखवतो आहोत. पण दुखणे हा खरेपणाचा पुरावा नव्हे. ‘मी कायमच अपयशी’ हे विधान ‘माझे काहीच बिघडलेले नाही’ या विधानाइतकेच ढोबळ आणि खोटे असू शकते.

भीतीला भीती म्हणणे

मग खरे कसे बोलायचे? पहिली पायरी फार साधी आहे. जे वाटते आहे त्याला त्याचे नाव देणे.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतील हालचाल यंत्राने टिपली. चेहऱ्यावरील भावनेला योग्य शब्द निवडायला सांगितला, तेव्हा धोक्याची वर्दी देणाऱ्या अमिग्डला या भागाची सक्रियता कमी झाली आणि कपाळामागच्या, भाषा व संयमाशी संबंधित अशा एका भागाची वाढली. त्याच चेहऱ्याला नुसते एखाद्या माणसाचे नाव जोडले तर तसा परिणाम दिसला नाही.

हे प्रयोगशाळेतले चेहरे झाले. खऱ्या भीतीचे काय? कॅथरिना किर्कान्स्की, लिबरमन आणि मिशेल क्रास्के यांनी २०१२मध्ये कोळ्याची भीती असलेल्या ८८ लोकांना एका जिवंत, केसाळ, मोठ्या कोळ्याजवळ नेले. काहींना भीती उघड बोलून दाखवायला सांगितले: हा किळसवाणा कोळी माझ्या अंगावर उडी मारेल अशी मला धास्ती वाटते, अशा धर्तीचे वाक्य. काहींना मनाची समजूत काढायला सांगितले: एवढासा कोळी आहे, तो मला काय करणार. काहींनी दुसऱ्याच विषयावर बोलायचे होते आणि काहींनी काहीच बोलायचे नव्हते. आठवड्यानंतर पुन्हा कोळ्यासमोर उभे केले तेव्हा, त्वचेच्या विद्युत्‌वाहकतेवरून मोजल्या जाणाऱ्या शारीरिक धास्तीत, भीती बोलून दाखवणारा गट इतरांपेक्षा शांत होता. त्यातही ज्यांनी भीतीचे शब्द अधिक वापरले होते त्यांना अधिक फायदा झालेला दिसला.

हा निष्कर्ष आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट जातो. भीती बोलली की वाढते असे आपण मानतो आणि म्हणून घरात दुखणे आले की ‘काही होत नाही’ म्हणतो. धीर देण्याची ती आपली रीत आहे, तिच्यामागची माया खरी असते. पण ज्याला भीती वाटते त्याला स्वतःची भीती मान्य करण्याची जागा त्यातून मिळत नाही.

इथे भाषेचा प्रश्नही येतो. गेल्या काही दशकांत आपण मराठी माणसे मनातल्या सगळ्या अस्वस्थतेला एकच शब्द वापरू लागलो आहोत: टेन्शन. मुलीच्या परीक्षेचे टेन्शन, कर्जाच्या हप्त्याचे टेन्शन, साहेबांचे टेन्शन, आईच्या रिपोर्टचे टेन्शन. वास्तविक आपल्या भाषेत हुरहूर आहे, घालमेल आहे, तगमग आहे. धास्ती, धाकधूक आणि धसका हे तीन वेगळे अनुभव आहेत. खंत आणि पश्चात्ताप एक नव्हेत. शरम वेगळी, अपमान वेगळा. हेवा आणि असूया यांतही अंतर आहे. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांनी भावनांमधला असा बारीक भेद ओळखण्याच्या क्षमतेचा अभ्यास केला आहे. २००१च्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, ज्यांना आपल्या नकोशा भावनांत असा भेद करता येत होता, ते त्या भावना आटोक्यात आणण्याचे उपाय अधिक योजताना दिसले.

हे समजण्याजोगे आहे. ‘टेन्शन’ला उपाय नसतो, फार तर ‘घेऊ नकोस’ म्हणता येते. पण डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या त्या गृहस्थाने स्वतःला विचारले, की हे नेमके काय आहे, तर कदाचित उत्तर येईल: पैशाची धास्ती आहेच, पण त्याहून मोठी आहे ती मेहुण्यांसमोरची शरम. धास्तीसाठी बचतीचा हिशेब मांडावा लागतो. शरमेसाठी एखाद्या विश्वासाच्या माणसाशी बोलावे लागते. नाव बदलले की पुढचे पाऊलही बदलते.

पंधरा मिनिटे आणि कागद

नाव दिल्यानंतरची पायरी म्हणजे घटनेची संगती लावणे. याबाबतचा सर्वांत गाजलेला प्रयोग जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६मध्ये प्रसिद्ध केला. ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले. एका गटाने किरकोळ विषयांवर लिहिले. बाकीच्यांनी आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक प्रसंगावर लिहिले. त्यांतही तीन प्रकार होते: काहींनी फक्त घडलेले, काहींनी फक्त वाटलेले आणि काहींनी दोन्ही. घडलेले आणि वाटलेले दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच बरे वाटले नाही, उलट वाईट वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्राच्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी राहिल्या.

पेनेबेकर यांनी पुढे अशा लिखाणातील शब्दांचाही अभ्यास केला. ज्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आले’, ‘समजले’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा अधिक झाला. चार दिवस तेच रडगाणे तशाच शब्दांत लिहिणाऱ्याला तो तितका झाला नाही. रवंथ आणि आत्मभान यांतला फरक इथे डोळ्यांना दिसतो: विचार पुढे सरकतो आहे की नाही?

नोकरी गेलेल्यांवरही असा एक प्रयोग झाला आहे. स्टेफनी स्पेरा, एरिक बुरफाइंड आणि पेनेबेकर यांनी १९९४मध्ये तो प्रसिद्ध केला. अचानक कमी केलेल्या ६३ अनुभवी कर्मचाऱ्यांपैकी एका गटाने नोकरी जाण्याबद्दल आपल्याला खरोखर काय वाटते ते लिहिले, दुसऱ्याने वेळेच्या नियोजनासारख्या विषयांवर लिहिले, तिसऱ्याने काहीच लिहिले नाही. काही महिन्यांनी पहिल्या गटातील लोकांना नव्या नोकऱ्या मिळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. त्यांनी जास्त अर्ज केले होते किंवा जास्त मुलाखती दिल्या होत्या असे मात्र नव्हते. संशोधकांचा कयास असा, की जुन्या कंपनीवरचा राग त्यांनी आधीच ओळखून त्याला वाट करून दिली होती, त्यामुळे मुलाखतीत तो आडवा आला नाही.

याचा अर्थ लिहिणे हे रामबाण औषध आहे असा नाही. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा सरासरी परिणाम खरा पण लहान निघाला. पण इथे खर्च एका वहीचा आणि तासभर वेळेचा आहे, हेही लक्षात घ्यायला हवे.

माझा वाटा किती?

प्रामाणिक आत्मभानाची सर्वांत अवघड जागा म्हणजे दोषाची वाटणी. माणूस दोन्ही बाजूंनी चुकतो. एकतर सगळा दोष दुसऱ्यावर टाकतो किंवा सगळा स्वतःवर घेतो.

पहिल्या प्रकारचे खणखणीत उदाहरण व्यसनाचे. दारू पिणारा माणूस वर्षानुवर्षे ‘मनात आले तर उद्या सोडीन’ म्हणत असतो आणि पिण्याची कारणे बाहेर शोधत असतो. १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही ही कबुली, आणि चौथी म्हणजे स्वतःचा निर्भय लेखी आढावा. दुकानदार जसा वर्षातून एकदा शिलकी माल मोजतो, खराब झालेला बाजूला काढतो आणि चांगलाही नोंदवतो, तशी ही मोजदाद असावी अशी कल्पना आहे. पाचव्या पायरीत ती दुसऱ्या माणसासमोर मांडायची असते, कारण एकट्याने केलेल्या हिशेबात फेरफार सोपा असतो. महाराष्ट्रात या चळवळीच्या सभा मराठीतून चालतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे कामही व्यसनी माणसाला दोषी न ठरवता त्याला स्वतःकडे खरेपणाने पाहायला लावण्याच्या दिशेने राहिले आहे.

दुसऱ्या प्रकारची चूक नजरेत भरत नाही, कारण ती नम्रतेसारखी दिसते. मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो मागे घेतल्याची औपचारिक घोषणा कधी झालीच नाही. हजारोंची नोकरी कायमची गेली. यंत्रमागांची स्पर्धा, जुनाट यंत्रसामग्री, मालकांचे जमिनींकडे वळलेले लक्ष, सरकारी धोरण अशी कितीतरी कारणे त्यामागे होती. यातल्या एखाद्या कामगाराने ‘मीच नालायक, मला घर चालवता आले नाही’ असे स्वतःला बजावले असेल, तर ते आत्मपरीक्षण म्हणता येणार नाही. हिशेबच चुकलेला असेल. जो वाटा आपला नाही तो नाकारणे हाही प्रामाणिकपणाच आहे.

आपला खरा वाटा पाहण्यासाठी मात्र थोडी माया लागते. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दपरीक्षा दिली. नंतर काहींना सांगितले, की ही परीक्षा अनेकांना कठीण जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहींना सांगितले, की तुम्हाला या विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच आहात. पुढच्या परीक्षेसाठी पहिल्या गटाने अधिक वेळ अभ्यास केला. ‘तू हुशारच आहेस’ या कौतुकात चूक झाकली जाते. ‘अवघड होते, तुला जमले नाही, असे होते’ यात ती मान्य होते आणि तरीही माणूस उभा राहतो. ज्याला आपल्या आतल्या न्यायाधीशाकडून फाशीचीच खात्री आहे, तो त्याच्यापुढे खरी साक्ष कशाला देईल?

‘मना’ अशी हाक

स्वतःकडे मायेने आणि तरीही सरळ पाहायचे, तर थोडे अंतर लागते. मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये याबाबत काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना परीक्षकांपुढे भाषण करायचे होते आणि तयारीला जेमतेम पाच मिनिटे होती. त्या वेळात काहींनी मनाशी ‘मी’ असे बोलायचे होते, तर काहींनी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधायचे होते. दुसऱ्या गटाची भाषणे सरस झाली आणि नंतर त्यांना शरम कमी वाटली, घोळवत बसणेही कमी झाले. एवढासा व्याकरणाचा बदल, पण त्याने माणूस स्वतःला मित्राच्या जागी बसवून पाहू शकतो. मित्राला आपण सहसा खोटी स्तुतीही ऐकवत नाही आणि शिव्याशापही देत नाही.

मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटणार नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक सतराव्या शतकातले. २०५ श्लोकांची ही भुजंगप्रयात वृत्तातील रचना बहुतांशी मनालाच उद्देशून आहे. कवी मनाला समोर बसवतो, समजावतो, रागावतोही. तुकोबांच्या गाथेतही मनाशी चाललेले असे संवाद आहेत. या रचनांचा हेतू भक्ती आणि सदाचरण हा आहे, त्यांना आधुनिक मानसोपचाराचे लेबल लावणे योग्य नाही. पण ‘मी म्हणजे माझे या क्षणीचे मन नव्हे, त्याच्याशी मला बोलता येते’ ही जाण पिढ्यान्‌पिढ्या पाठांतरातून इथल्या घराघरांत पोहोचली, एवढे नक्की म्हणता येईल.

मर्यादा, आणि मर्यादेच्या आत

आत्मभानाने कर्जाचा हप्ता भरला जात नाही की गाठ विरघळत नाही. आणि प्रत्येक वेळ त्याची नसते. अपघात किंवा आपत्ती घडून गेल्यावर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून टाकायला लावण्याची पद्धत एके काळी रूढ होती. तिच्या चाचण्यांचा आढावा घेतल्यावर तिने पुढचा मानसिक आजार टळत नसल्याचे आढळले. काहींना ती त्रासदायकच ठरली. आधी सुरक्षितता, झोप, जेवण, माणसांची सोबत; उलगडा नंतर. लिहिता लिहिता कोणी अधिकाधिक खचत असेल, झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

त्या मर्यादेच्या आत मात्र करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि वरच्या संशोधनातून त्याचा साधा क्रम हाती येतो. काय घडले, ते वर्तमानपत्राच्या बातमीसारखे दोन-तीन वाक्यांत लिहावे. मला काय वाटते आहे, ते ‘टेन्शन’ हा शब्द न वापरता लिहावे. यात माझा वाटा कोणता आणि माझा नसलेला कोणता, ते दोन रकान्यांत मांडावे. हे सगळे स्वतःला ‘तू’ म्हणून, मित्राला लिहावे तसे लिहावे. शेवटच्या ओळीत उद्या करायची एकच गोष्ट लिहावी: बँकेत जाऊन हप्त्यांची मुदत विचारणे, राहिलेली तपासणी करून घेणे, बायकोला खरे सांगणे. पंधरा मिनिटे झाली की थांबावे. दुसऱ्या दिवशी लिहायला बसताना कालचे पान आधी वाचावे. तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिले जात असेल तर आपण रवंथ करतो आहोत असे समजावे, आणि शेवटच्या ओळीतले काम करायला उठावे.